परदेशात शिकून आलेली आमची मुलं आम्हाला द्या

उत्रोली, ता. भोर, जि. पुणे

प्रति,
मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी १९८५ साली भोर तालुक्यात बहुउद्देशीय आरोग्य सेवक म्हणून रुजू झालो आणि २०१८ साली आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झालो. या तेहेतीस वर्षांत विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पूड टाकली, तापाच्या रोग्यांचे रक्तनमुने घेतले, लसीचा डबा खांद्याला अडकवून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. डॉक्टर मी कधीच नव्हतो. पण डॉक्टर नसलेल्या ठिकाणी काय होतं, हे माझ्या पिढीच्या आरोग्य सेवकांनी जितकं जवळून पाहिलं तितकं फार थोड्यांनी पाहिलं असेल. आपण राधानगरी-भुदरगडचे. डोंगर, पाऊस आणि धरणामागची गावं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, म्हणूनच हे पत्र आपल्या नावाने लिहितो आहे. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद यांनीही ते वाचावं, कारण मी जे मागणार आहे ते एका खात्याच्या हातात नाही.

सुरुवात एका रात्रीपासून करतो. साल १९९६. जुलै, भाताची लावणी ऐन भरात. धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वस्तीवरून चौघेजण एका बाईला घोंगडीच्या झोळीत घालून आमच्या केंद्रावर घेऊन आले. पहाटेचे तीन वाजले असतील. दिवसभर लावणी करून ती जमिनीवर झोपली होती. मध्यरात्री पोटात दुखायला लागलं, मग घसा आवळला, मग पापण्या उघडेनात. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. मी तोवर अशा दोन केसेस पाहिल्या होत्या. मण्यार होती. कपाटात सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या होत्या, सलाईन होतं. वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद मात्र पाच महिने रिकामं होतं आणि अतिरिक्त कार्यभार ज्यांच्याकडे होता ते दुसऱ्या केंद्रावर, डोंगराच्या त्या बाजूला. सिस्टर माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. ती लस दिल्यावर कधी कधी रोग्याचा रक्तदाब एकदम कोसळतो. तेव्हा काय करायचं, किती द्यायची, हे ठरवण्याचा अधिकार आम्हा दोघांपैकी कुणालाच नव्हता आणि तेवढं शिक्षणही नव्हतं. औषध होतं, माणसं होती, ठरवणारा नव्हता. जीप मिळायला पाऊण तास गेला. मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत तिचा श्वास थांबला होता. तिची धाकटी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती.

केंद्राचं नाव लिहीत नाही. त्या वेळी ते कुठलंही असू शकलं असतं.

त्यानंतर पुष्कळ सुधारलं, हे मान्य करायलाच हवं. १०८ ची रुग्णवाहिका आली, आशा ताई आल्या, रस्ते झाले, भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण नकाशा उघडून पाहा. आमचं उत्रोली भोर शहराच्या शेजारचं, आम्हाला तक्रारीला फारशी जागा नाही. इथून पश्चिमेला हिर्डोशी, शिरगाव, दुर्गाडीकडे सरकलात की नीरेचं खोरं अरुंद होत जातं आणि शेवटी वरंधा घाट येतो, जो पावसाळ्यात कित्येकदा बंदच असतो. भाटघरच्या जलाशयामागे भुतोंडे आणि कुरुंजीची गावं. वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पासली, केळद, घिसर, हारपूड. रायरेश्वराच्या पठारावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांना खाली यायला लोखंडी शिडी उतरावी लागते, आणि आजारी माणसाला पाठीवर किंवा डोलीत घालून आणावं लागतं. सरकारचा निकष सांगतो की सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. निकष लोकसंख्येचा आहे. आमच्याकडे अडचण अंतराची आहे. आणि त्या केंद्रात डॉक्टर राहायला असेल तरच ते केंद्र; नाहीतर ती पांढऱ्या-निळ्या रंगाची एक इमारत.

आता दुसरी गोष्ट. आमच्या भावकीतली एक मुलगी २०१४ साली किर्गिझस्तानला वैद्यकीय शिक्षणाला गेली. इथल्या सरकारी महाविद्यालयात थोडक्या गुणांनी प्रवेश हुकला होता, खाजगीची फी बापाच्या आवाक्यात नव्हती. दोन एकर जमीन गहाण पडली. सहा वर्षांनी ती २०२० मध्ये परत आली, ऐन कोविडमध्ये. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, तालुक्यात डॉक्टर मिळत नव्हते, खाटा मिळत नव्हत्या. ही मुलगी स्वयंसेवक म्हणून तोंडाला मास्क बांधून गावात लोकांचं तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरत होती. शेजारच्या बायका तिच्याकडे चिठ्ठ्या घेऊन यायच्या, "डॉक्टरीणबाई, यावर जरा लिहून दे" म्हणायच्या. ती मला एका संध्याकाळी म्हणाली, "काका, मला सगळं कळतंय, पण मला सही करता येत नाही."

तिसऱ्या प्रयत्नात ती परदेशी पदवीधरांसाठीची चाळणी परीक्षा पास झाली. मग इंटर्नशिपच्या जागेची वाट पाहण्यात महिने गेले. २०२३ मध्ये तिची पक्की नोंदणी झाली. म्हणजे घर सोडल्यापासून नऊ वर्षं. आज ती पुण्यात एका खाजगी रुग्णालयात आरएमओ आहे, रात्रपाळी करते, जमीन सोडवण्यासाठी पैसे पाठवते. तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. ज्या तीन वर्षांत ती हात जोडून आमच्यात यायला तयार होती, त्या तीन वर्षांत तिला कुणी बोलावलं नाही. आता तिला बोलावणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे कात्रजच्या पलीकडे आहेत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरातून कुणी असं शिकायला गेलेलं नाही त्यांच्यासाठी वाट कशी असते ते थोडक्यात सांगतो. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीयाला २००२ पासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते, एफएमजीई. वर्षातून दोनदा. एका दिवसात ३०० प्रश्न, सगळे पर्यायी उत्तरांचे, त्यांत १५० गुण मिळाले तर पास. २०१८ पासून परदेशी जाण्याआधी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असणंही सक्तीचं झालं. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनी आणखी अटी घातल्या: परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, तिथे १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि परत आल्यावर इथे पुन्हा १२ महिन्यांची. युक्रेनचं युद्ध फेब्रुवारी २०२२ मध्ये पेटलं तेव्हा हजारो मुलं अर्धवट शिक्षण घेऊन परतली. त्यांच्यापैकी जे शेवटच्या वर्षाला होते आणि ज्यांना ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळाली, त्यांना आयोगाने परीक्षेला बसू दिलं, पण इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची केली.

चाळणी बारीक आहे. कितीतरी सत्रांत पाचांतला जेमतेम एक विद्यार्थी पार होतो. डिसेंबर २०२४ च्या सत्रात प्रमाण जरा वाढलं, तरी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं नाही.

इथे काही लोक मला लगेच आपल्या बाजूला ओढतील आणि म्हणतील, मग चाळणी ढिली करा, खेड्यापाड्यांसाठी कमी गुणांवर परवाना द्या, नाहीतरी तिथे कुणीच नाही. मंत्रिमहोदय, मी हे मागत नाही. उलट कुणी मागितलं तर आपण ठामपणे नाही म्हणावं. रोगी हिर्डोशीचा असो की कोथरूडचा, त्याचं हृदय एकाच जागी असतं. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तो ७३ परदेशी पदवीधरांवर, जे ही परीक्षा पास न होताच वेगवेगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांकडे नोंदणी करून बसले होते. असा डॉक्टर शहरात पकडला जायची शक्यता तरी असते. डोंगरात त्याची चूक कोण पकडणार? तिथे दुसरा डॉक्टरच नसतो. म्हणून जिथे एकच डॉक्टर असणार, तिथे तो पक्का हवा.

आपल्या देशात हा वाद जुना आहे. १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल दिलेल्या समितीचं नाव भोर समिती. नाव ऐकून आमच्या तालुक्यातली माणसं चमकतात, पण ती समिती तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांच्या आडनावाने ओळखली जाते. त्या काळी कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट डॉक्टर खेड्यापाड्यांत काम करत होते. समितीतल्या बहुसंख्यांनी सांगितलं, हे दोन प्रतींचे डॉक्टर बंद करा, देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा. काही सभासदांनी याविरुद्ध मत नोंदवलं, कारण खेडी रिकामी पडतील ही त्यांना भीती होती. मला विचाराल तर बहुसंख्यांचं बरोबर होतं. पण त्याच अहवालात पहिल्या टप्प्यासाठी ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर असंही लिहिलेलं होतं. आपण पहिली अर्धी शिफारस अमलात आणली आणि दुसरी कागदावर ठेवली. कमी शिकलेला डॉक्टर खेड्यातून काढला आणि पूर्ण शिकलेला पाठवला नाही. ती पोकळी पुढे कुणी भरली? आमच्या डोंगरातली कितीतरी केंद्रं बीएएमएस डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ओढली, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. त्यांच्याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ राहीन. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून राज्याने २०१४ साली कायदा बदलला आणि पुढे सीसीएमपी हा वर्षाचा अभ्यासक्रम काढला. त्यावरून आजही रणं माजतात. त्या वादात मी पडत नाही. एवढंच विचारतो: वेगवेगळी दारं शोधायला शासन इतकी वर्षं खटपट करतं आहे, तर ज्यांनी ॲलोपॅथीचंच पूर्ण शिक्षण घेतलं, देशाची कडक परीक्षा पास केली, आणि जे आमच्याच शेतकऱ्यांच्या घरातले आहेत, त्यांच्यासाठी डोंगराकडे उघडणारं एकही दार का नाही?

परीक्षा पास होणं आणि पक्की नोंदणी मिळणं यांच्यामध्ये जे वर्ष असतं, ते इंटर्नशिपचं वर्ष, माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. एफएमजीई स्मरणशक्ती तपासते. हात तपासत नाही. अडलेल्या बाळंतिणीला पाहिल्यावर मन थंड कसं ठेवायचं, हगवणीने डोळे खोल गेलेल्या लेकराची शीर कशी शोधायची, हे ३०० पर्यायी प्रश्नांत येत नाही. ते इंटर्नशिपमध्ये येतं, तेही शिकवणारा शेजारी उभा असला तर. आज या मुलांना इंटर्नशिप मिळते ती मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत. तिथे इथले स्वतःचे विद्यार्थी आधीच असतात. मार्च २०२२ मध्ये आयोगाने सांगितलं की महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच परदेशी पदवीधरांना घ्यावं आणि त्यांना बाकीच्यांइतकंच विद्यावेतन द्यावं. म्हणजे जागा मोजक्या, रांग लांब. आणि आत गेल्यावर त्यांना अनेकदा मिळतं काय? आमच्या मुलीनेच सांगितलं, नमुने पोचवणं आणि केसपेपर भरणं. ज्या महाविद्यालयाने तिला घेतलं होतं तिथे विद्यावेतनही वेळेवर मिळालं नाही; तिने दागिना विकून खोलीचं भाडं भरलं.

आता भोरचं उपजिल्हा रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. सकाळची ओपीडी, तापाचे, खोकल्याचे, विळा लागलेले, कुत्रा चावलेले, विंचू चावलेले, दिवस भरलेल्या बायका. शिकायला यापेक्षा चांगली शाळा कुठे आहे? पुण्याचं बी. जे. महाविद्यालय इथून दोन तासांच्या आत आहे. एमडी-एमएस करणाऱ्या निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची योजना २०२० च्या नियमांनी आणली. म्हणजे महाविद्यालयाबाहेर शिकवता येतं हे तत्त्व मान्य झालेलंच आहे. इंटर्नशिपच्या ५२ आठवड्यांत १२ आठवडे समाजातल्या वैद्यकासाठी राखून ठेवले आहेत. मग ते १२ आठवडे पासली किंवा भुतोंड्याच्या बाजूला का नकोत, आणि उरलेल्यातला बराच भाग भोर-वेल्ह्याच्या रुग्णालयांत का नको? तिथे अनुभवी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ नेमले, त्यांना शिकवण्याचा मानमरातब आणि मोबदला दिला, की ही मुलंही शिकतील आणि आमचे रोगीही पुण्याला न जाता बरे होतील.

त्या बदल्यात त्यांच्याकडून मागायचं ते स्पष्ट मागावं. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांकडून आपण एक वर्षाच्या सेवेचं बंधपत्र घेतो. परदेशी शिकलेल्यांवर राज्याने खर्च केलेला नाही, त्यामुळे त्यांच्यावर असं बंधन लादता येत नाही, हे खरं. पण करार करता येतो. ज्याला इंटर्नशिपसाठी रांगेत थांबायचं नाही, त्याला भोर, राजगड, मुळशी, आंबेगाव, जुन्नर अशा तालुक्यांत लगेच जागा. विद्यावेतन दर महिन्याच्या महिन्याला. आणि पक्की नोंदणी झाल्यावर त्याच तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर तीन वर्षांची वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर नाही, पूर्ण वेतनावर. ज्याला शक्य असेल त्याला स्वतःच्याच तालुक्यात. आईच्या हातची भाकरी जवळ असेल तर माणूस टिकतो, हे मी नोकरीत पाहिलं आहे.

जगाने हे केव्हाच ओळखलं आहे, आणि गंमत वाटावी अशी नसून दुःख व्हावं अशी गोष्ट म्हणजे त्यात आपलीच माणसं कामाला लागली आहेत. अमेरिकेत १९९४ पासून कॉनराड नावाची योजना आहे: शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरने तीन वर्षं डॉक्टर नसलेल्या भागात काम केलं, तर त्याला मायदेशी परतण्याची सक्ती माफ होते. दर राज्याला वर्षाला अशा तीस जागा. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकापासून नियम आहे की परदेशात शिकलेल्या डॉक्टरला सरकारी विम्याचे पैसे हवे असतील, तर त्याने साधारण दहा वर्षांपर्यंत डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०२३ साली कायदा करून परदेशात शिकलेल्या अनुभवी डॉक्टरांना आधी तात्पुरता, देखरेखीखालचा परवाना द्यायचं ठरवलं आणि त्यानंतर इतर काही राज्यांनी तसेच कायदे केले. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत शिकलेले मराठी डॉक्टर त्या देशांतल्या आडगावांत, खाणींच्या आणि मळ्यांच्या गावांत, तिथल्या म्हाताऱ्यांचे रक्तदाब तपासत आहेत. त्यांनी त्यांच्या केळदला आपला डॉक्टर नेला. आपण आपल्या केळदला आपलाच, बाहेर शिकून आलेला डॉक्टर नेऊ शकत नाही.

जे परीक्षा पास होत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न टाळणं बरोबर होणार नाही. त्यांना परवाना मिळू नये, यावर मी ठाम आहे. पण पाचांतल्या चौघांना वाऱ्यावर सोडणंही योग्य नाही. आज ही मुलं शहरातल्या खाजगी क्लासमध्ये लाखभर रुपये भरून, खोल्या करून, वर्षानुवर्षं त्याच ३०० प्रश्नांची घोकंपट्टी करतात. कित्येकांचा परदेशातला प्रत्यक्ष रुग्णाचा अनुभव भाषेमुळे कच्चा राहिलेला असतो. रशियनमध्ये बोलणाऱ्या रोग्याशी ही मुलं किती बोलणार? राज्याच्या सरकारी महाविद्यालयांनी या मुलांसाठी रोग्याच्या खाटेशेजारी शिकवणारा, स्वस्त, सहा महिन्यांचा तयारीवर्ग काढला, तर त्यांतले बरेच परीक्षेलाही पार होतील आणि कामालाही. न झालेल्यांना वेळीच दुसरी वाट दिसेल. तिशी उलटेपर्यंत उमेदवारी करणारी मुलं घरात बसलेली मी पाहतो. ती गप्प झालेली असतात. त्यांचे बाप माझ्याशी पारावर बोलतात तेव्हा मुलाचा विषय काढत नाहीत.

तीन वर्षांची नेमणूक संपली की करार केलेली मुलं निघून जातील, असं आपले अधिकारी सांगतील. जातील, काही जण नक्की जातील. पण तीन वर्षं एक डॉक्टर एका ठिकाणी राहिला तर काय होतं, याचा दाखला आमच्या घाटाच्या पायथ्याशीच आहे. वरंधा उतरलात की महाड तालुक्यातलं बिरवाडी लागतं. १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने माणसं पटापट दगावत होती आणि त्यावर पुस्तकात उपाय नव्हता. बावस्कर रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपणं काढत राहिले. १९८२ साली त्यांचं निरीक्षण लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन हे साधं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि शंभरांतले चाळीसच्या आसपास दगावणारे रोगी एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे संशोधन मुंबईच्या प्रयोगशाळेत झालं नाही, मुक्कामी राहिलेल्या डॉक्टरच्या हातून झालं. अलीकडच्या काळात डॉक्टर येतात, दुपारी दोनची एसटी किंवा स्वतःची गाडी गाठून पुण्याला जातात, कारण निवासस्थानाचं छत गळतं, पाणी येत नाही, पोरांना शाळा नाही. म्हणून योजनेत पहिला खर्च घराचा धरा. दोन खोल्या, न गळणारं छत, नळाला पाणी आणि रात्रीही चालणारं इंटरनेट. परवान्याचा कागद केंद्राच्या भिंतीवर लावला तरी डॉक्टर तिथे झोपायला हवा. मण्यार रात्री चावते.

परदेशात शिकून आलेल्यांविषयी आपल्याकडे एक अढी आहे, की इथे जमलं नाही म्हणून गेले. महाराष्ट्राने हे विसरू नये की आपल्या पहिल्या स्त्री डॉक्टर बाहेरच शिकल्या, कारण इथे त्यांना दारं बंद होती. आनंदीबाई जोशींना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळाली, आणि त्यांची नेमणूक कुठे झाली? आपल्या कोल्हापुरात, अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर. त्या मुंबईतच राहिल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी कोल्हापूरचं पद स्वीकारलं होतं. क्षयाने त्यांना २६ फेब्रुवारी १८८७ ला गाठलं आणि त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. रखमाबाई लंडनला शिकून आल्या आणि त्यांनी आयुष्य सुरत आणि राजकोटच्या बायकांना दिलं. मिरजेला आज रुग्णालयांचं शहर म्हणतात, त्याची पायाभरणी कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९०च्या दशकात केली. बाहेरची विद्या गावाच्या कामी आणायची रीत आपल्याला नवी नाही. ती मोडली आहे, ती सांधायची आहे.

परवान्याचे निकष केंद्राच्या आयोगाच्या हातात आहेत, हे मला ठाऊक आहे. पण इंटर्नशिपच्या जागा कुठे द्यायच्या याचा प्रस्ताव आयोगाकडे कोण पाठवणार? विद्यावेतन कोण देणार? केंद्रावरची पदं, निवासस्थानं, नेमणुकीची मुदत कुणाच्या हातात? हे सगळं मंत्रालयातल्या दोन मजल्यांवर ठरतं, आणि ते दोन मजले एका टेबलाशी आले की ठरू शकतं. पहिल्या वर्षी फार नको. भोर-राजगडसाठी दहा मुलं पुरेत.

एफएमजीईच्या डिसेंबर सत्राचा निकाल वर्षाच्या सुरुवातीला लागतो. आमच्याकडे भाताची लावणी जूनअखेर सुरू होते आणि त्याच दिवसांत मण्यार घरात शिरते. त्याआधी पहिली तुकडी भोरला रुजू व्हावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक
उत्रोली